इंधनातील गंधकावर ध्वनिलहरींचा उपाय : प्रयोगशाळेत यश, कारखान्यात कसोटी

नवी दिल्ली : देशात १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या पेट्रोल आणि डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण १० पीपीएम, म्हणजेच वजनाने दहा लाख भागांत १० भाग, यापेक्षा अधिक असू शकत नाही. भारत स्टेज-६ मानकांची ही अट आहे. २००० साली डिझेलसाठी हीच मर्यादा २,५०० पीपीएम होती. दोन दशकांत ती अडीचशे पटींनी खाली आली आणि हा पल्ला देशातील तेलशुद्धीकरण कारखान्यांनी हायड्रोजन वायू, प्रखर उष्णता आणि मोठा दाब यांच्या बळावर गाठला.

हेच काम साध्या वातावरणीय दाबाखाली आणि पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा कमी तापमानात करण्याची एक पद्धत गेली दोन दशके संशोधकांना खुणावत आहे. तीत इंधनात ऑक्सिडीकारक द्रव मिसळून त्यातून श्राव्यातीत ध्वनिलहरी, म्हणजेच रुग्णालयातील सोनोग्राफीमुळे परिचित झालेला अल्ट्रासाऊंड, सोडला जातो. अमेरिकेतील संशोधकांनी या पद्धतीने डिझेलमधील ९९ टक्के किंवा त्याहून अधिक गंधक काढता येत असल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध केले. तरीही मोठ्या कारखान्यांत गंधक काढण्याचे मुख्य काम आजही हायड्रोजनच करतो. असे का, याचे उत्तर ध्वनिलहरींच्या सामर्थ्यापेक्षा काढलेल्या गंधकाच्या हिशेबात दडलेले आहे.

गंधक नको, ते कशासाठी?

खनिज तेलात गंधक निसर्गतःच असते. प्राचीन जीवांच्या अवशेषांपासून तेल बनताना ते कार्बनी रेणूंच्या साखळ्यांत आणि कड्यांत गुंफले गेले. त्याचे प्रमाण तेलक्षेत्रागणिक बदलते. मुंबई हायच्या तेलात ते ०.२ टक्क्याच्या आसपास असते, म्हणून व्यापारी भाषेत ते ‘गोडे’ तेल ठरते. पश्चिम आशियातील अनेक तेलांत हे प्रमाण दीड ते तीन टक्क्यांच्या घरात जाते आणि त्यांना ‘आंबट’ म्हणतात. भारत आपल्या गरजेच्या ८० टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो आणि त्यात आंबट तेलाचा वाटा मोठा आहे. त्यामुळे गंधक काढण्याचा खर्च हा देशासाठी कायमचा खर्च आहे.

इंधन जळताना गंधकापासून सल्फर डायऑक्साइड बनतो. त्याने श्वसनमार्गाचा दाह होतो, दम्याच्या रुग्णांचा त्रास वाढतो. हवेत त्याचे रूपांतर सल्फेटच्या सूक्ष्म कणांत आणि आम्लात होते. हे कण फुफ्फुसात खोलवर जातात आणि आम्लवर्षाव दगडी वास्तूंनाही झिजवतो. मथुरा येथील तेलशुद्धीकरण कारखाना १९८२ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून ताजमहालाच्या संगमरवराविषयीची चिंता सार्वजनिक चर्चेत राहिली. सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या निकालात ताजमहालाभोवतीच्या पट्ट्यातील उद्योगांना कोळशाऐवजी नैसर्गिक वायू वापरण्यास किंवा स्थलांतर करण्यास सांगितले. पुढे २०१७ मध्ये न्यायालयाने उत्तर प्रदेश, हरियाणा आणि राजस्थानात फर्नेस ऑइल व पेट कोक या गंधकयुक्त इंधनांच्या औद्योगिक वापरावर बंदी घातली.

वाहनांच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. आधुनिक वाहनांच्या धुराड्यात विषारी वायू निष्प्रभ करणारे उत्प्रेरक बसवलेले असतात. गंधक या उत्प्रेरकांच्या पृष्ठभागावर चिकटून त्यांना निकामी करते. इंधनात गंधक राहिले तर महागडी प्रदूषणनियंत्रक यंत्रणा असूनही तिचा उपयोग होत नाही. म्हणूनच नव्या इंजिनांची मानके आणि इंधनाची मानके एकत्रच लागू करावी लागली.

हायड्रोजनची पद्धत आणि तिची अडचण

प्रचलित पद्धतीत इंधन आणि हायड्रोजन यांचे मिश्रण कोबाल्ट-मॉलिब्डेनम किंवा निकेल-मॉलिब्डेनम उत्प्रेरकावरून नेले जाते. तापमान साधारण ३०० ते ४०० अंश सेल्सिअस असते आणि दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कित्येक पटींनी, कधी शंभर पटींनीही अधिक असतो. गंधकाचा अणू रेणूतून सुटतो आणि हायड्रोजनशी जोडला जाऊन हायड्रोजन सल्फाइड वायू बनतो. या वायूपासून मूलद्रव्यरूप गंधक मिळवले जाते आणि ते सल्फ्युरिक आम्ल व खतांच्या कारखान्यांना विकले जाते. या पद्धतीचा मोठा गुण असा की, रेणूतील केवळ गंधक बाहेर पडते आणि उरलेला कार्बनी सांगाडा इंधनातच राहतो.

अडचण शेवटच्या टप्प्यात येते. साध्या रचनेची गंधक संयुगे लवकर मोडतात, पण डिझेलमध्ये डायबेंझोथायोफीन या कुळातील काही संयुगे हट्टीपणे टिकून राहतात. त्यांच्यात गंधक दोन बेंझीन कड्यांच्या मधोमध बसलेले असते. या कुळातील सर्वांत चिवट संयुगांत गंधकाच्या दोन्ही बाजूंना एकेक मिथिल गट द्वारपालासारखा उभा असतो. त्यामुळे उत्प्रेरकाच्या पृष्ठभागाला गंधकापर्यंत पोहोचता येत नाही. ५०० पीपीएमपर्यंत येणे तुलनेने सोपे. तेथून १० पीपीएमपर्यंत येण्यासाठी अधिक दाब, अधिक उत्प्रेरक आणि अधिक हायड्रोजन लागतो.

हायड्रोजन फुकट मिळत नाही. तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून बनवला जातो आणि एक किलो हायड्रोजनमागे साधारण ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजेच शहराच्या हवेतील गंधक कमी करण्याची किंमत काही अंशी हवामानाला मोजावी लागते.

ऑक्सिडीकरणाचा मार्ग

ऑक्सिडीकरणाच्या पद्धतीत गंधक रेणूतून तोडले जात नाही. उलट त्याला ऑक्सिजनचे दोन अणू जोडले जातात. पहिला अणू जोडला की सल्फॉक्साइड आणि दुसरा जोडला की सल्फोन बनते. सल्फोनचा स्वभाव मूळ संयुगाहून वेगळा असतो. तेलात सहज मिसळणारे संयुग आता ध्रुवीय बनते, म्हणजे त्याच्या एका भागात विद्युतभार अधिक एकवटतो. असा पदार्थ ॲसिटोनायट्राइल किंवा मिथेनॉल यांसारख्या ध्रुवीय द्रावकात ओढला जातो, अथवा सिलिका जेल, ॲल्युमिना यांसारख्या घन पदार्थांच्या पृष्ठभागावर धरून ठेवता येतो. त्यानंतर इंधन वेगळे करता येते.

ऑक्सिजन देण्यासाठी बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. जखम धुण्यासाठी वापरले जाणारे हेच रसायन येथे अधिक तीव्र स्वरूपात असते आणि त्याच्या जोडीला फॉर्मिक किंवा ॲसेटिक आम्ल, अथवा टंगस्टनयुक्त उत्प्रेरक असतो. काम झाल्यावर पेरॉक्साइडचे पाणी होते, हा त्याचा आणखी एक फायदा.

या मार्गाचे आकर्षण एका उलटसुलट वाटणाऱ्या वस्तुस्थितीत आहे. हायड्रोजनला अडवणारे मिथिल गट ऑक्सिडीकरणाला मदत करतात. ते गंधकाभोवतीची इलेक्ट्रॉनांची दाटी वाढवतात आणि पेरॉक्साइडपासून बनलेले ऑक्सिडीकारक नेमके अशाच इलेक्ट्रॉनसमृद्ध अणूकडे धाव घेतात. परिणामी जे संयुग हायड्रोजनसाठी सर्वांत कठीण, तेच फॉर्मिक आम्ल आणि पेरॉक्साइडच्या मिश्रणासाठी सर्वांत सोपे ठरते. याउलट हायड्रोजनने झटपट निघून जाणारे साधे थायोफीन या मार्गाने सहजासहजी हाती लागत नाही. दोन्ही पद्धती अशा रीतीने एकमेकींना पूरक आहेत.

ध्वनिलहरी नेमके काय करतात?

पेरॉक्साइड पाण्यात विरघळलेले असते आणि गंधक तेलात. पाणी व तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे अभिक्रिया केवळ दोहोंच्या सीमेवर होते आणि ती मंद असते. ध्वनिलहरींचे पहिले काम ही सीमा वाढवण्याचे आहे.

माणसाच्या कानाची मर्यादा साधारण २० किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला वीस हजार कंपने इतकी असते. गंधक काढण्याच्या प्रयोगांत बहुधा याच कंप्रतेच्या आसपासच्या, पण तीव्र शक्तीच्या लहरी वापरतात. लहरीच्या विरळ टप्प्यात द्रवातील दाब इतका घटतो की त्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात. विरळ टप्प्यात ते फुगतात आणि दाट टप्प्यात अखेर कोसळतात. या घटनेला कॅव्हिटेशन म्हणतात. जहाजांच्या पंख्यांची पाती झिजण्यामागेही हेच कारण असते आणि लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये बुडबुडा कोसळण्याचे गणित मांडले होते. तीव्र ध्वनीचे रासायनिक परिणाम १९२७ मध्ये अमेरिकेत रिचर्ड्स आणि लूमिस यांनी नोंदवले.

बुडबुडा कोसळतो त्या क्षणी त्याच्या पोटातील वायू काही हजार अंशांपर्यंत तापतो आणि दाब वातावरणाच्या शेकडो पटींवर जातो. हे सारे सेकंदाच्या अत्यल्प अंशात आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जागेत घडते, त्यामुळे भोवतालचा द्रव फारसा तापत नाही. कोसळण्यातून उठणारे सूक्ष्म झोत आणि धक्के तेल व पाण्याचे कण इतके बारीक करतात की दुधासारखे पायस तयार होते. दोन द्रवांमधील संपर्काचे क्षेत्रफळ अनेक पटींनी वाढते. शिवाय अतितप्त बुडबुड्यात पाणी आणि पेरॉक्साइडचे रेणू फुटून क्रियाशील घटक तयार होऊ शकतात.

मात्र प्रत्येक बुडबुडा मदतच करतो असे नाही. त्याच्या पोटात इंधनाची वाफही शिरते आणि ती फुटून हायड्रोजन किंवा कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू बनू शकतात. हे वायू ऑक्सिडीकरणाच्या उलट दिशेने काम करतात. त्यामुळे ध्वनीचा मोठा लाभ मिश्रण बारीक करण्यातून मिळतो की बुडबुड्यातील रसायनातून, हा अभ्यासाचा विषय राहिला आहे. आयआयटी गुवाहाटी येथील संशोधकांनी या यंत्रणेचा तपशीलवार अभ्यास केला आहे.

प्रयोगशाळेतून बाजाराकडे

या पद्धतीचा पाया दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक तेह फू येन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घातला. २००२ मध्ये त्यांना अमेरिकी पेटंट मिळाले आणि पुढच्याच वर्षी त्यांचा शोधनिबंध ‘फ्युएल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांच्या मिश्रणात पेरॉक्साइड, टंगस्टनयुक्त उत्प्रेरक आणि ऑक्सिडीकारकाला पाण्यातून तेलात वाहून नेणारे एक वाहक रसायन होते. काही मिनिटांच्या संपर्कानंतर द्रावकाने सल्फोन काढून घेतल्यावर गंधक जवळजवळ संपुष्टात आल्याचे दिसले. वाहक म्हणून वापरलेल्या ब्रोमिनयुक्त क्षारामुळे नको असलेली ब्रोमिन संयुगे तयार होत असल्याचेही आढळले, तेव्हा पुढील संशोधनात त्याऐवजी फ्लोरिनयुक्त क्षार वापरण्यात आला.

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील सल्फको या कंपनीने ध्वनिलहरींचे तंत्र कच्च्या तेलासाठी वापरण्याचा मोठा प्रयत्न केला. संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरा येथे प्रकल्प उभारण्याची तिची योजना त्या काळात गाजली. अपेक्षित व्यावसायिक यश मात्र आले नाही आणि २०११ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

हिशेब कोठे अडतो?

या पद्धतीची खरी मर्यादा साध्या अंकगणिताने समजते. डायबेंझोथायोफीनच्या वजनात गंधकाचा वाटा सुमारे १७ टक्के असतो. म्हणजे एक किलो गंधकाबरोबर पावणेसहा किलो वजनाचे संयुग इंधनातून बाहेर जाते. हायड्रोजनच्या पद्धतीत गंधक तेवढे वेगळे होते. येथे गंधक धरून बसलेला संपूर्ण रेणूच गमवावा लागतो.

एक टन डिझेलमध्ये ५०० पीपीएम, म्हणजे अर्धा किलो गंधक आहे असे मानू. ते काढताना सुमारे तीन किलो इंधन कमी होईल. रासायनिक समीकरणाप्रमाणे गंधकाच्या प्रत्येक अणूसाठी पेरॉक्साइडचे दोन रेणू लागतात, म्हणजे किमान एक किलोहून थोडे अधिक शुद्ध पेरॉक्साइड पुरेल. तोटा एक टक्क्याच्याही बराच खाली आहे.

आता जहाजांच्या जड इंधनाचे उदाहरण घेऊ. त्यातील गंधक ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणायचे तर एका टनातून ३० किलो गंधक काढावे लागेल. सर्व गंधक डायबेंझोथायोफीनच्या रूपात आहे असे धरले तरी सुमारे १७० किलो पदार्थ सल्फोन होऊन बाजूला पडेल. जड तेलातील रेणू प्रत्यक्षात याहून मोठे असतात, त्यामुळे तोटा आणखी वाढेल. शुद्ध पेरॉक्साइड किमान ६४ किलो लागेल. प्रत्यक्ष व्यवहारात काही पेरॉक्साइड स्वतःच विघटित होते आणि काही इंधनातील नायट्रोजनयुक्त संयुगे खातात, म्हणून गरज या किमान आकड्यापेक्षा अधिकच असते.

बाजूला काढलेल्या सल्फोनचे करायचे काय, हा पुढचा प्रश्न. ते जाळले तर गंधक पुन्हा धुरात येते. डांबरात मिसळणे, कोक बनवणाऱ्या संयंत्रात पाठवणे किंवा त्यातून कार्बनी भाग परत मिळवणे असे पर्याय सुचवले जातात, पण प्रत्येकाला स्वतंत्र यंत्रणा आणि खर्च लागतो. द्रावक परत मिळवण्यासाठी ऊर्ध्वपातन करावे लागते, तेथेही ऊर्जा खर्ची पडते. बारीक झालेले पायस पुन्हा तेल आणि पाण्यात वेगळे होण्यास वेळ लागतो. तीव्र पेरॉक्साइडचा साठा आणि इंधन एकाच आवारात ठेवताना आग व स्फोटाची काळजी घ्यावी लागते.

ध्वनीच्या बाजूनेही अडथळे आहेत. २० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी द्रवात अवघी सहा-सात सेंटीमीटर असते आणि तीव्र कॅव्हिटेशन ध्वनी सोडणाऱ्या दांड्याच्या टोकाजवळच केंद्रित होते. काचेच्या चंबूत सारा द्रव या टापूत येतो. दिवसाला हजारो टन इंधन वाहणाऱ्या नळीत तसे होत नाही. दांड्याचे धातूचे टोक कॅव्हिटेशनने हळूहळू झिजते. विजेचे ध्वनीत आणि ध्वनीचे बुडबुड्यांत रूपांतर होताना ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो.

भारतातील प्रयत्न

ध्वनीशिवायही बुडबुडे निर्माण करता येतात, या कल्पनेवर भारतात लक्षणीय काम झाले आहे. द्रव अरुंद तोंडातून वेगाने सोडला किंवा भोवऱ्यासारखा फिरवला की दाब घटून कॅव्हिटेशन होते. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत अनिरुद्ध पंडित आणि पराग गोगटे यांनी कॅव्हिटेशनवर चालणाऱ्या रिॲक्टरांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी भोवऱ्यावर आधारित साधन वापरून, उत्प्रेरकाविना इंधनातील गंधक कमी करण्याची पद्धत २०१६ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात मांडली. पंपाने चालणारे असे साधन मोठ्या प्रवाहासाठी वाढवणे ध्वनीच्या दांड्यापेक्षा सोपे असते. त्याला हलणारे सुटे भागही नसतात.

उपयोग कोठे होऊ शकतो?

वरील हिशेबावरून या तंत्राची जागा बरीचशी स्पष्ट होते. गंधक जेथे मुळातच कमी उरले आहे आणि जे उरले आहे ते हायड्रोजनला दाद देत नाही, तेथे ते शेवटचा हात फिरवण्यासाठी उपयोगी ठरू शकते. हायड्रोजनच्या संयंत्राने डिझेल काही शे पीपीएमपर्यंत आणावे आणि उरलेले काम ऑक्सिडीकरणाने करावे, अशी जोडपद्धत संशोधकांनी सुचवली आहे. तीत अतिदाबाच्या नव्या संयंत्राची गरज टळू शकते.

दुसरी शक्यता हायड्रोजनचा पुरवठाच नसलेल्या ठिकाणांची आहे. जुन्या टायरांपासून काढलेल्या तेलात गंधक सुमारे एक टक्का असते. असे तेल बनवणारे कारखाने लहान असतात आणि त्यांना स्वतःचे हायड्रोजन संयंत्र परवडत नाही. येथे तोटा डिझेलपेक्षा अधिक असला, तरी सध्या हे तेल बहुतांशी आहे तसेच भट्ट्यांत जाळले जाते, हेही लक्षात घ्यावे लागेल.

जहाजांच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १ जानेवारी २०२० पासून इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली. अनेक जहाजांनी कमी गंधकाचे इंधन घेतले, तर काहींनी धूर धुणारी यंत्रे बसवली. जड तेलावर थेट ऑक्सिडीकरण करण्याचा पर्याय मोहक दिसत असला तरी सल्फोनमधील कार्बनी भाग परत मिळवण्याचा स्वस्त मार्ग सापडेपर्यंत तो खर्चिकच राहील.

या तंत्राच्या भवितव्यावर हायड्रोजनच्या किमतीचाही परिणाम होणार आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाचे उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन निर्मितीचे आहे आणि तेलशुद्धीकरण कारखाने त्याच्या प्रमुख ग्राहकांपैकी असतील. नवीकरणीय विजेवर बनलेला हायड्रोजन स्वस्त झाला, तर प्रचलित पद्धतीचा कार्बनभार कमी होईल आणि पर्यायाची निकड घटेल. तो महाग राहिला, तर कमी हायड्रोजनमध्ये शेवटचे काही शे पीपीएम गंधक काढून देणाऱ्या तंत्राला कारखान्यांच्या दारात अधिक गांभीर्याने प्रवेश मिळेल. त्या वेळी निर्णायक आकडा किती टक्के गंधक निघाले हा नसेल, तर एक टन स्वच्छ इंधनामागे किती इंधन, किती पेरॉक्साइड आणि किती वीज खर्च झाली, हा असेल.